स्वतःसाठी अर्धा तास, तो आणायचा कुठून?



बी.पी. मोजण्याआधी माणसाला पाच मिनिटे शांत बसवावे लागते. पाठ खुर्चीला टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, हात टेबलावर, बोलणे बंद. वस्तीतल्या आयाबहिणींना दवाखान्यात हीच पाच मिनिटे सर्वांत जड जातात. सुईची भीती नाही, गोळीची नाही, पण नुसते बसायचे म्हटले की चुळबुळ सुरू होते. "सिस्टर, लवकर करा ना, नळ जाईल." काहीजणी मात्र बसल्या जागी डोळे मिटतात आणि दुसऱ्या मिनिटाला पेंगू लागतात. पहाटेपासून पाठ टेकवून बसायची ती त्यांची पहिलीच वेळ असते.

अशाच एक पंचेचाळिशीच्या ताई गेल्या पावसाळ्यात आल्या होत्या. सात घरची धुणीभांडी करणाऱ्या. पायांवर सूज, डोके जड. बी.पी. निघाले १८०/११०. डोके किती दिवसांपासून दुखते, असे विचारले तर म्हणाल्या, आठ महिने. मेडिकलमधून गोळी आणायची, घ्यायची आणि कामाला जायचे. आधी का नाही आलात, या प्रश्नाला त्यांचे उत्तर होते, "वेळच नाही भेटला."

या उत्तराला खोटे म्हणण्याची माझी हिंमत नाही. पण आठ महिने बी.पी. इतके वर राहिले, तर मेंदूतली नस फुटू शकते, हृदय आणि मूत्रपिंड थकू शकते, आणि अर्धांगवायू झालेल्या बाईला घर मग चोवीस तास देते. तो वेळ कुठून येतो? म्हणजे वेळ घरात असतो. फक्त तो तिच्या नावावर नसतो. या महिन्याचे आरोग्याचे पान त्याबद्दल आहे.

"स्वतःची काळजी घ्या" असे म्हटले की आपल्या बायका हसतात, आणि त्यांचे हसणे बरोबरही आहे. टीव्हीवरच्या जाहिरातीत स्वतःची काळजी म्हणजे पार्लर, मसाज, गुळगुळीत चटईवर योगासने. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे झोपतात तिथे चटई कुठे पसरायची? पण ज्या काळजीबद्दल आपण बोलतो आहोत ती फार साधी आहे. पुरेशी झोप. वेळेवर आणि पोटभर जेवण. लघवी लागली की जाता येणे. गोळी चुकू न देणे. आणि दिवसात एखादा अर्धा तास असा, की त्या वेळात आपल्याला कोणी हाक मारणार नाही. यात चैनीचे काहीही नाही, शरीर चालू ठेवायचा हा किमान खर्च आहे.

तरीही हा अर्धा तास मागताना बाईला लाज वाटते. त्यामागे आपल्या समाजातलेच एक कारण आहे आणि ते स्पष्ट बोलले पाहिजे. दरवर्षी ७ फेब्रुवारीला आपण रमाईची जयंती करतो. तिने किती सोसले, उपाशी राहून संसार कसा ओढला, गोवऱ्या कशा थापल्या, हे गाण्यांतून, भाषणांतून ऐकतो. डोळ्यांत पाणी येते. आणि घरी येऊन आपापल्या घरातल्या आईकडूनही तेच अपेक्षितो. पण रमाईचे आयुष्य नीट पाहा. जन्म १८९८ चा. पाच लेकरांपैकी चार डोळ्यांदेखत गेली, एकटे यशवंतराव राहिले. स्वतःचे शरीर वर्षानुवर्षे आजाराने पोखरले. २७ मे १९३५ ला ती गेली तेव्हा तिचे वय होते अवघे ३७. बाबासाहेबांना त्या दुःखातून सावरायला किती जड गेले हे आपण वाचले आहे. पुढे 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांनी रामूच्या स्मृतीला अर्पण केला. रमाईला दारिद्र्याने आणि जातीच्या व्यवस्थेने निवडीला जागाच ठेवली नव्हती. आज ज्या घरात थोडी तरी जागा आहे, तिथेही आईने तसेच झिजावे असे म्हणणे, हा रमाईचा सन्मान आहे असे मला तरी वाटत नाही.

धम्मात याला आधार आहे का, असे महिला मंडळाच्या बैठकीत एका आजींनी विचारले होते. आहे. संयुत्त निकायात सेदक नावाच्या गावी भगवान बुद्धांनी सांगितलेली एक गोष्ट येते. एक डोंबारी बांबू उभा करतो आणि आपल्या शिष्याला खांद्यावर चढायला सांगतो. शिष्याचे नाव मेदकथालिका. गुरू म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो, म्हणजे आपला खेळ नीट होईल. शिष्य म्हणतो, नाही गुरुजी, तसे नको. तुम्ही तुमचा तोल सांभाळा, मी माझा सांभाळतो, तरच आपण सुखरूप खाली उतरू. बुद्ध म्हणतात, शिष्याचे बरोबर आहे. आणि पुढे हेही सांगतात की स्वतःला राखणारा दुसऱ्यालाही राखतो आणि दुसऱ्याला राखणारा स्वतःलाही. तिथे बुद्ध मुख्यतः स्मृतीच्या, म्हणजे जागरूकतेच्या साधनेबद्दल बोलत आहेत, हे खरे. पण बांबू ज्याच्या आधारावर उभा आहे त्याचा तोल गेला तर वरचाही पडतो, हे कळायला साधना लागत नाही. आपल्या घरांत तो बांबू कोणाच्या आधारावर उभा असतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

आता वेळेचा हिशेब. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर पाहणी केली होती, लोकांचा दिवस कुठे जातो याची. बिनपगारी घरकाम, म्हणजे स्वयंपाक, भांडी, धुणे, पाणी, झाडलोट, करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, असे दिसले. म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. पुरुषांपैकी शंभरात साधारण २६ जणच हे काम करतात, आणि जे करतात त्यांची सरासरी ९७ मिनिटे. आपण समतेची चळवळ मानणारी माणसे. मोर्चात, जयंतीत, विहारात बायका पुढे असतात याचा आपल्याला अभिमान आहे. मोरीजवळ मात्र आपला हिशेब या आकड्यांहून फार वेगळा निघेल असे वाटत नाही. शंका असेल त्याने एक दिवस घड्याळ लावून पाहावे.

वर सांगितलेल्या ताईंसोबत आम्ही हेच केले. कागद घेऊन त्यांचा दिवस लिहिला. पहाटे साडेचारला पाण्यासाठी उठणे. पाऊण तास हंडे, ड्रम भरणे. मग डबे, चहा, नाश्ता. साडेसातला बाहेर. दीडपर्यंत पाच घरे. घरी येऊन स्वतःच्या घरचे धुणे-भांडी. वीस मिनिटे आडवे होणे, तेही दार उघडे ठेवून. चार ते साडेसहा आणखी दोन घरे. येताना भाजी. नऊपर्यंत स्वयंपाक आणि जेवणे, मग पुन्हा भांडी, ओटा. दहा ते अकरा टीव्ही. साडेअकराला झोप. म्हणजे झोप पाच तास, तीही सलग नाही.

घरात नवरा आहे, एकोणीस वर्षांचा मुलगा आहे, दहावीतली मुलगी आहे. मुलगा रात्री एकपर्यंत मोबाइल बघतो, म्हणून सकाळी "त्याची झोप व्हायला पाहिजे." आम्ही दोनच बदल सुचवले. पहाटेचे पाणी मुलाने आणि त्याच्या वडिलांनी आळीपाळीने भरायचे. आणि रात्री प्रत्येकाने आपले ताट-वाटी स्वतः धुवायची. पहिल्या बदलाने पाऊण तास सुटला, दुसऱ्याने पंधरा-वीस मिनिटे. सुटलेला सकाळचा वेळ ताईंनी झोपेला दिला. टीव्हीच्या तासाला आम्ही हात लावला नाही. शिकलेली माणसे आधी त्यावरच बोट ठेवतात, पण तो एक तास ती बाई बसलेली असते, हसते, मुलीशी बोलते. तो तिचाच राहू द्यावा.

सोपे झाले का? नाही. पहिल्या आठवड्यात मुलगा दोनदा उठला नाही. शेजारणीने टोमणा मारला, "काय गं, पोराला पाण्याला लावलंस?" ताईंनी तिसऱ्या दिवशी न राहवून स्वतःच हंडे भरले. हे होणारच. मुलाने ड्रम अर्धा भरला तर दुपारी पाणी कमी पडू द्यावे, आपण धावून जाऊ नये. एकदा कमी पडले की पुढच्या वेळी तो आठवणीने भरतो. मुलीलाच सगळे शिकवून मोकळे होणे ही पळवाट आहे. आईचे ओझे दहावीतल्या मुलीच्या डोक्यावर गेले तर घरात बदल काहीच झाला नाही.

सुटलेल्या वेळेचे काय करायचे? आधी झोप. प्रौढ माणसाला रोज साधारण सात तास झोप लागते. सतत पाच तासांवर दिवस काढले तर बी.पी. वाढते, साखर बिघडते, भूक चुकते आणि चिडचिड लेकरांवर निघते. रात्री सात तास जमत नसतील तर दुपारी वीस-तीस मिनिटे, पण दार लोटून घेऊन, मोबाइल मुलीकडे देऊन. पाळीत काम करणाऱ्यांनी, वॉचमन किंवा हॉस्पिटलातल्या मावशींनी, दिवसा झोपताना खिडकीला जाड चादर लावावी. घरच्यांनी त्या वेळेला रात्र समजावे.

मग जेवण. आपल्याकडे बाई शेवटी जेवते. भाजी संपली तर चटणी-भाकरी, भात उरला तर तोही "टाकायचा कशाला" म्हणून. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ते कमी समजतात. धाप लागणे, पायात गोळे, सतत थकवा, केस गळणे, याला आपण "कामाचा शीण" म्हणतो आणि सोडून देतो. पाळीत जास्त रक्त जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगितले पाहिजे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. उपाय महाग नाही. सगळ्यांची ताटे वाढताना आपलेही ताट त्याच वेळी वाढायचे, आणि सगळ्यांबरोबर बसायचे. बाजरी, नाचणी, मोड आलेली मटकी, पालेभाजी, त्यावर लिंबू पिळून. परवडेल तेव्हा काळीज, अंडी. जेवणाला लागून चहा नको, तासाभराचे अंतर ठेवावे, कारण चहामुळे अन्नातले लोह अंगाला नीट लागत नाही. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. त्यांनी शौचाचा रंग काळा होतो, त्याने घाबरून गोळी बंद करू नये. ज्यांना बी.पी. आहे त्यांनी खारवलेली मासळी, पापड, लोणचे कमी करावे. दिवसभरात माणशी एक छोटा चमचा मीठ पुरे.

लघवीचा विषय लेखात आणला म्हणून कोणी नाक मुरडू नये. घरकाम करणाऱ्या बायकांना मालकिणीच्या घरचा संडास वापरू देत नाहीत. वस्तीतल्या सार्वजनिक संडासात रांग असते, रात्री दिवा नसतो. म्हणून बायका पाणीच कमी पितात आणि तासन्‌तास लघवी रोखून धरतात. त्यातून जळजळ, वारंवार ताप, ओटीपोटात दुखणे सुरू होते. हे पाण्याने बरे होईल म्हणून वाट पाहू नये, लघवी तपासून औषध घ्यावे. पण मुळात हा प्रश्न बाईच्या सवयीचा नाही. ज्या हातांनी तुमची भांडी चालतात त्या बाईला तुमचा संडास चालत नाही, ही अस्पृश्यताच आहे, आणि तिच्याविरुद्ध बोलायला एकटी बाई पुरत नाही. एका इमारतीत काम करणाऱ्या सात-आठ जणींनी मिळून मागणी केली तर खालचा कॉमन संडास तरी उघडतो. आठवड्याची सुट्टीही अशीच मिळून मागावी. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला खरा, पण प्रत्यक्षात सुट्टी अजून मालकिणीच्या मर्जीवरच चालते.

दुखण्यावरच्या गोळ्यांबद्दलही सांगितले पाहिजे. कंबर, गुडघे, डोके दुखले की मेडिकलमधून दोन रंगीत गोळ्या आणून रोज घेणारी कितीतरी घरे आहेत. अशा वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर मूत्रपिंडावर परिणाम होतो, पोटात जखम होते आणि बी.पी. वाढते. आपल्या त्या ताईंनी आठ महिने नेमके हेच केले होते. वाकून वाकून धरलेल्या कमरेला गोळीपेक्षा दहा मिनिटे जास्त कामाची असतात. घरी आल्यावर जमिनीवर उताणे झोपावे, पाय भिंतीला उभे टेकवावे. त्याने दिवसभर उभे राहून आलेली सूजही उतरते. सूज एकाच पायाला असेल, किंवा रात्रीच्या झोपेनेही उतरत नसेल, किंवा सोबत धाप लागत असेल, तर मात्र डॉक्टर.

आणि मशेरी. हे लिहिताना मला जरा थांबावे लागते, कारण बऱ्याच आज्या आणि मावशा सांगतात की पहाटे मशेरी लावत उंबऱ्यावर बसतात, तेवढीच दिवसातली त्यांची स्वतःची दहा मिनिटे. तंबाखूने हिरड्या आणि तोंड जाते, कर्करोग होतो, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण मशेरी सोडा म्हणताना आपण त्यांची ती दहा मिनिटेही काढून घेतो, म्हणून सुटत नाही. दहा मिनिटे राहू द्या, उंबरा राहू द्या. हातात चहाचा कप घ्या, किंवा नुसत्या श्वासाकडे लक्ष देऊन बसा. विहारात वंदनेनंतर आपण आनापान करतो ना, तेच. श्वास आत येतो, बाहेर जातो, मन पळाले की पुन्हा परत आणायचे. सुरुवातीचे काही दिवस चिडचिड होते, तोंड शिवशिवते, मग हळूहळू कमी होते. तोंडात बरी न होणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा तोंड पूर्वीसारखे उघडत नसेल तर लगेच दाखवावे. एक सांगून ठेवते. ध्यानाने मन निवते, झोप सुधारते, पण बी.पी.ची किंवा शुगरची गोळी ध्यानामुळे सुटत नाही. बरे वाटते म्हणून गोळी बंद करणारे सगळ्यांत जास्त अडचणीत येतात. बरे वाटते ते गोळीमुळेच.

पुरुषांबद्दल दोन शब्द. नाक्यावर उभा राहणारा, रिक्षा चालवणारा, बारा-बारा तासांची ड्युटी करणारा माणूसही स्वतःकडे पाहत नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना त्यांनी कामाचे तास कमी करण्यासाठी झगडा केला, आणि १९४६ च्या फॅक्टरी कायद्याच्या दुरुस्तीने आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. आज ठेकेदाराकडे तोच वॉचमन आठवड्याला ७२ तास भरतो. तो लढा युनियनचा आहे, या पानाचा नाही. पण शीण घालवायला रात्रीची क्वार्टर हा उपाय नाही, हे या पानावर सांगता येईल. दारूने झोप लागल्यासारखी वाटते, पण ती तुटक असते आणि बी.पी. वाढते. पाचवे शील नुसते विहारात म्हणण्यासाठी नाही. दिवसभर सीटवर बसणाऱ्यांनी रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस भरभर चालावे. घरी बसून शिलाई, माळा, पापडाचे काम करणाऱ्या बायकांनाही हेच लागू.

रात्री एकदम पोट फुटेस्तोवर जेवणाऱ्यांसाठी कोसलचा राजा प्रसेनजित आहे. तो इतका भात खायचा की बुद्धांसमोर बसला की धापा टाकायचा. बुद्धांनी त्याला मोजके खाण्याबद्दल चार ओळी सांगितल्या. राजाने काय केले? सुदर्शन नावाच्या तरुणाला त्या ओळी पाठ करायला लावल्या आणि रोज जेवताना आपल्यासमोर म्हणायला सांगितले, त्याबद्दल रोजचे पैसेही लावून दिले. हळूहळू त्याचे जेवण मापात आले आणि अंग हलके झाले. राजालाही आठवण करून द्यायला माणूस लागला, मग आपल्याला लागला तर बिघडले कुठे? आजीच्या गोळीची आठवण नातवाकडे द्यावी. पोरे हे काम फार चोख करतात, विसरले तर ओरडतात.

तपासणीची आठवण ठेवायला तर आपल्या घरात कॅलेंडर आधीच टांगलेले आहे. दर पौर्णिमेला आपण विहारात जातो. पांढरी साडी नेसून वंदनेला निघालो की त्याच दिवशी बी.पी. मोजायचे, एवढे ठरवले तर वर्षातून बारा वेळा आपोआप होते. दंडाला लावायचे डिजिटल यंत्र दोन हजारांच्या आसपास येते. मनगटाचे घेऊ नये, ते चुकते. जयंतीच्या वर्गणीतून एक यंत्र सहज निघेल, आणि वस्तीतली एखादी नर्सिंग शिकणारी मुलगी किंवा आशाताई ते कसे लावायचे हे दाखवेल. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, लघवी करून यावे, आणि ती पाच मिनिटे बसायचे. एका वहीत नाव, तारीख, आकडा. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे दोन-तीन वेळा आला तर वही घेऊन दवाखान्यात. तिशीनंतर साखर, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणीही सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. काम बुडते म्हणून जाणे टळते, हे खरे. मुंबईतले बरेच 'आपला दवाखाना' संध्याकाळीही, रात्री दहापर्यंत उघडे असतात. पाटीवरची वेळ एकदा पाहून ठेवावी.

पौर्णिमेचा विषय निघालाच आहे तर उपोसथाबद्दल एक सूचना. अष्टशील घेऊन दुपारनंतर न जेवणाऱ्या उपासिका पुष्कळ आहेत, वर्षावासात तर जास्तच. ज्यांना शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे करू नये. गोळी पोटात आणि अन्न नाही, तर साखर एकदम उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस बरळतो. शुद्धीवर असेल तर लगेच साखर-पाणी द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनीही उपाशी राहू नये. बाबासाहेबांना स्वतःला मधुमेह होता. त्या आजाराशी खेळ करणे परवडत नाही, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

आपल्या ताई आता दर महिन्याला येतात. बी.पी. गोळीनेच उतरले, पण गोळी रोज घेतली गेली कारण सकाळी ती घ्यायला त्यांना दोन मिनिटे मिळाली. मुलगा आठवड्यातून पाच दिवस पाणी भरतो, दोन दिवस बाप. ताट मात्र नवरा अजून मोरीत तसेच ठेवून उठतो.

शेवटी, ज्यासाठी वेळ पाहायचाच नाही अशी लक्षणे. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात किंवा पाय अचानक लुळा पडणे, बोलणे अडखळणे. छातीत दाब येऊन घाम सुटणे, दुखणे जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे जाणे. गरोदर बाईला फिट येणे, तिचे डोके खूप दुखणे किंवा डोळ्यांपुढे अंधारी येणे. यापैकी काहीही झाले तर लिंबू-सरबत, बाम, अंगारा यात एक मिनिटही न घालवता १०८ ला फोन करून गाडी बोलवावी किंवा मिळेल त्या रिक्षाने मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यावे. आणि मन इतके खचले असेल की जगणे नको वाटते, झोप-भूक गेली आहे, तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीतून बोलता येते. हे दोन्ही क्रमांक दाराच्या मागे खडूने लिहून ठेवा.